काका म्हणाले, "वसुलीला संगट चल" : जुन्या व्यापाऱ्यांकडून शिकायचं तरी नेमकं काय?

हळकुंड (धागाकर्ता) | रविवार, सकाळी ११:०५

मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

वय २७. इंजिनिअरिंग सांगलीतच केलं, मग पुण्यात तीन वर्षं नोकरी. गेल्या वर्षी दिवाळीला आलो तो परत गेलोच नाही. छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या पीएमएफएमई योजनेतून कर्ज काढलं आणि माधवनगर रोडला भाड्याच्या शेडमध्ये हळद दळायचं युनिट टाकलं. पल्व्हरायझर, चाळण, पॅकिंग मशीन आणि दोन माणसं. डोक्यात गणित सोपं होतं. राजापुरी हळद दारात मिळते, सांगलीच्या हळदीला २०१८ पासून भौगोलिक मानांकन आहे, पुण्याची दुकानं मला माहीत आहेत. नाव छापायचं आणि विकायचं.

विकलीही. पुण्याच्या एका वितरकाने पहिल्या सहा महिन्यांत छान माल उचलला. आज त्याच्याकडे २,४०,००० रुपये अडकलेत आणि तो फोन उचलत नाही. आणि नवा हंगाम तोंडावर आलाय. मार्केट यार्डात माल घेतला की पैसे लगेच मोजावे लागतात, तिथं "पुण्याहून आले की देतो" चालत नाही.

वडिलांच्या ओळखीचे एक काका आहेत, यार्डात चाळीस वर्षांचं अडत दुकान. वडील म्हणाले, जाऊन भेट. मी लॅपटॉप घेऊन गेलो. बारा स्लाइडचं प्रेझेंटेशन केलं होतं. (हसा खुशाल.)

काकांनी लॅपटॉपकडे बघितलंसुद्धा नाही. पुढ्यात नमुन्याची हळद पडली होती. त्यातलं एक हळकुंड उचललं, कानाशी नेलं आणि मोडलं. खणकन आवाज आला. मग दुसरं मोडलं. हा आवाज जरा बसका.

"ह्यातलं कुठलं घेशील?"

मी रंग बघून दुसरं दाखवलं.

"ते ओलं हाय. पैसे हळदीचे देशील आन् घरी पाणी नेशील. दळल्यावर गाठी धरंल ते येगळंच."

मग म्हणाले, उधारीची वही आण. मी म्हटलं, सगळं टॅलीत आहे. "मग टॅली आण की."

एका वापरलेल्या पावतीच्या पाठीवर त्यांनी हिशेब मांडला तो असा. हळकुंड, दळण, घट, पॅकिंग धरून किलोला १९० पडतात. वितरकाला २२० ने देतोस. सुटले ३०. महिनाभर माल तुझ्याकडे पडून, तीन महिने त्याच्याकडे उधार, म्हणजे चार महिने १९० रुपये अडकले. बँकेचं व्याज ११ टक्के धरलं तर ७ रुपये तिथं गेले. वाहतूक ६. फाटकी पाकिटं, परतावा ४. राहिले १३. आता २,४०,००० भागिले १३ कर.

केलं. १८,४६१ किलो.

"साडेअठरा टन हळद फुकट दळायची, मग तू शून्यावर येतोस. तू हळद न्हाई, उधारी विकायलाईस लेका."

मी गप्प. मग काका म्हणाले, "शनिवारी आमचे दिवाणजी वसुलीला जात्यात. संगट चल. तोंड उघडायचं न्हाई, नुसतं बघायचं."

आता खरं सांगतो, मला हे जरा लागलं. मी सल्ला विचारायला गेलो होतो, आणि हे मला शिकाऊ पोरासारखं उमेदवारीला बसवायला निघालेत. शनिवारी पॅकिंगचं काम असतं, तो एक दिवस जाणार. तर प्रश्न दोन. एक, जावं का? दोन, तुम्ही जुन्या माणसांकडून धंद्यातलं काय शिकलात, आणि त्यांचं काय ऐकायला नको होतं?

कृष्णाकाठचा | रविवार, ११:४०

जावं का म्हणून विचारताय? चाळीस वर्षांचा अडत्या आपणहून दिवाणजीबरोबर पाठवतोय, आणि तुम्हाला पाकिटांची चिंता. जा हो.

तिरपा_हिशेब | रविवार, १२:१५

काकांबद्दल पूर्ण आदर, पण गणितात एक खोट आहे. पैसे बुडाले तर तुमचा खर्च बुडतो, त्या मालावरचा नफा बुडाला असं धरायचं नाही. २,४०,००० म्हणजे साधारण १,०९१ किलो. गुणिले १९० म्हणजे २,०७,०००. भागिले १३ केले की सोळा टन येतात.

लेथवाला | रविवार, १२:३८

@तिरपा_हिशेब, मग त्या मालावर गेलेलं व्याज, वाहतूक आणि फाटक्या पाकिटांचे १७ रुपये कोण धरणार? १,०९१ गुणिले २०७ करा. सव्वासतरा-साडेसतरा टन निघतील. काकांनी पावतीच्या पाठीवर साडेअठरा काढले, आपण दोघांनी कॅल्क्युलेटर घेऊन एका टनाचा फरक शोधला. चाललंय ते बरं चाललंय.

धागाकर्त्यासाठी आता कामाचं. माझं कुपवाड एमआयडीसीत जॉबवर्क आहे, पंपाचे भाग. मला ज्यांनी धंदा शिकवला ते शेजारच्या गाळ्यातले आण्णा, स्वतः सातवी पास. त्यांचं एकच पालुपद असायचं : एका खुंटीला सगळी जनावरं बांधू नको. म्हणजे एका गिऱ्हाइकाकडून एक तृतीयांशापेक्षा जास्त काम घ्यायचं नाही. मी मान डोलावली, आणि पुढच्याच वर्षी एका मोठ्या कंपनीची ऑर्डर आली म्हणून दोन सीएनसी मशीनं कर्जावर घेतली. ऐंशी टक्के काम त्यांचंच. पैसे १२० दिवसांनी. मग त्यांनी त्या मॉडेलचं उत्पादन थांबवलं. एक मेल आला, चार ओळींचा. हप्ते मात्र माझ्याकडेच राहिले.

आण्णा आले, चहा प्यायले, "सांगितलं होतं" असं एकदाही म्हणाले नाहीत. त्यांच्याकडचं थोडं काम माझ्या मशीनवर टाकलं, सहा महिने. त्या सहा महिन्यांत शिकलो ते आधीच्या सहा वर्षांत शिकलो नव्हतो. सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. आपण न ऐकून आपटल्यावर दारात येणारा एखादाच.

आता कायद्याचं. लघुउद्योगाची उद्यम नोंदणी आहे ना? असेल तर बिलावर क्रमांक छापा. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. आणि एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकरात ४३बी(एच) कलमाची तरतूद आली. त्यात असं की, मुदतीत पैसे दिले नाहीत तर घेणाऱ्याला ती रक्कम त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही, देईल त्या वर्षी दाखवायची. त्यामुळे मार्च आला की आमच्यासारख्यांचे फोन आपोआप उचलले जातात. तुम्ही स्वतः दळून विकता म्हणजे उत्पादक, तुम्हाला ते लागू आहे. नुसत्या खरेदी-विक्रीवाल्याला नाही.

कृष्णाकाठचा | रविवार, १२:५५

कायदा बरोबर, पण सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली की पुढची ऑर्डर बंद, हेही सांगा.

लेथवाला | रविवार, १:०२

तेही खरंच. म्हणून मी आजवर तक्रार टाकलेली नाही. बिलावर कलम छापतो फक्त. मांजराच्या गळ्यात घंटा, इतकंच.

गलाईवाल्याचा_नातू | रविवार, ४:२०

"उमेदवारीला बसवायला निघालेत" हे वाक्य वाचून लिहायला बसलो. आमच्या घरात हा शब्द फार मानाचा आहे.

आम्ही खानापूर तालुक्यातले. विट्याच्या आसपासची गावं माहीत असतील तर गलाई माहीत असणारच. दुष्काळी मुलूख, शेतात काही पिकेना, म्हणून माणसं बाहेर पडली आणि सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात शिरली. आज देशातल्या कुठल्याही सराफ बाजारात जा, गल्लीच्या टोकाला एक भट्टी असते आणि तिथं आपल्याकडचं मराठी ऐकू येतं.

आजोबा पंधराव्या वर्षी गावातल्याच एका माणसाबरोबर तमिळनाडूत गेले. पहिली दोन वर्षं त्यांना सोन्याला हात लावू दिला नाही. कोळसा फोडायचा, भाता मारायचा, मुशी पुसायच्या, आणि संध्याकाळी दुकान झाडायचं. झाडायचं म्हणजे कचरा फेकायचा नाही. केर एका पोत्यात भरायचा, पोत्याचं तोंड मालकासमोर बांधायचं. वर्षाकाठी ती माती धुतली, गाळली की त्यातून सोनं निघायचं. आजोबा सांगायचे, पहिल्या वर्षी मला वाटलं हा म्हातारा चिकट आहे. दुसऱ्या वर्षी त्या मातीतून निघालेला मणी त्यांनी स्वतः तोलला आणि कळलं की दुकानाचं भाडं त्यातून सुटतंय.

मला विचाराल तर त्या मालकाने जे शिकवलं ते तोंडाने शिकवलंच नाही. तेजाब किती घालायचा, भट्टीचा रंग कसा झाला की मूस उचलायची, गिऱ्हाइकाचा माल त्याच्या डोळ्यांदेखत का वितळवायचा, हे सांगून कळत नाही. दोन वर्षं शेजारी उभं राहावं लागतं. आणि मग पाचव्या वर्षी त्याच मालकाने दुसऱ्या शहरात गाळा बघून दिला, भांडवल दिलं, कागद काही नाही. आजोबांनी ते तीन वर्षांत फेडलं आणि नंतर स्वतः गावातली चार पोरं नेली.

तर शनिवारी जा. पिशवी धरायला सांगितली तर पिशवी धरा.

तिखट_मीठ | रविवार, ५:४८

सगळं वाचतेय आणि छान वाटतंय, पण एक खडा टाकतेच.

काका, आण्णा, आजोबांचे मालक. सगळीकडे पुरुष, आणि सगळीकडे कुणाची ना कुणाची ओळख. माझा भडंग-मेतकुटाचा धंदा आहे, मिरजेत, सात वर्षं झाली. सुरुवातीला मी गणपती पेठेत एका ठोक दुकानात शेंगदाण्याचा भाव विचारायला गेले. मालकांनी माझ्या मागे बघितलं. म्हणजे बरोबर कोण पुरुष आलाय ते. कोणी नाही म्हटल्यावर "वहिनी, किती किलो पाहिजेत घरी?" असं विचारलं. मला दोन क्विंटल पाहिजे होते. खुर्ची त्या दिवशीही मिळाली नाही आणि नंतर वर्षभर मिळाली नाही. मार्गदर्शक मिळायला आधी दुकानाची पायरी चढू द्यावी लागते हो.

मला शिकवलं ते आमच्या गल्लीतल्या गिरणीवाल्या मावशींनी. नवरा गेल्यावर तीस वर्षं एकटीने गिरणी चालवली. पहिल्या पावसाळ्यात माझी सत्तर पाकिटं परत आली, सगळी सादळलेली. मी पाकिटाला दोष देत होते, जाड प्लास्टिक शोधत फिरत होते. मावशी एक दिवस घरी आल्या, कढईपाशी उभ्या राहिल्या, तळलेल्या लसणाची एक पाकळी उचलून बोटांत चिरडली. ती चुरली नाही, दबली. म्हणाल्या, "पाणी बाहेरनं येत न्हाई ग, तू आतनं घालाय लागलीस." लसूण वरून लाल दिसत होता पण आत ओला होता. तेव्हापासून पाकळ्या ठेचून, मंद आचेवर पार कुरकुरीत होईपर्यंत तळते, कागदावर रात्रभर ठेवते, आणि चुरमुरे फोडणीत घालायच्या आधी कोरडेच गरम करून घेते. पाकीट तेच जुनं आहे.

दुसरं, मावशींनी घरखर्चाची आणि धंद्याची पैशाची पिशवी वेगळी करायला लावली. अक्षरशः दोन पिशव्या शिवून दिल्या. मी स्वतःला महिना पगार घ्यायचा, तोही वहीत लिहून. नवऱ्याने एकदा धंद्याच्या पिशवीतून पेट्रोलला दोनशे घेतले तर मावशींनी त्याला गिरणीत बोलावून विचारलं.

पेठेतला अनुभव मोठा, नाही म्हणत नाही. पण अनुभवी माणूस म्हटलं की गादीवर बसलेलाच डोळ्यापुढे येतो, तेवढं जरा बदला.

गलाईवाल्याचा_नातू | रविवार, ६:१०

ताई, मान्य. आमच्या गलाईतही मुली नाहीतच. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पावसाळी_बेडूक | रविवार, ६:३०

भडंग कुठे मिळेल? मेतकूटही. (विषयांतराबद्दल माफी.)

तिखट_मीठ | रविवार, ६:४४

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. जाहिरात नको म्हणून इथे नाही लिहीत.

ढगातला_माल | रविवार, ८:१५

मी विरुद्ध बाजूने बोलतो, कुणीतरी बोलायला पाहिजे.

माझा बेदाणा, काजू वगैरे ऑनलाइन विकायचा व्यवसाय आहे. २०१८ ला सुरू केला तेव्हा घरातल्या थोरल्यांनी, म्हणजे ज्यांनी आयुष्य किराणा व्यापारात घालवलं त्यांनी, एकमुखाने सांगितलं : माल हातात घेऊन, चावून बघितल्याशिवाय कुणी घेत नाही, हे चालायचं नाही. दुकान टाक. मी अर्धं ऐकलं आणि विश्रामबागेत दुकान भाड्याने घेतलं. अनामत, फर्निचर, नोकर. दीड वर्षात ते दुकान मला खाऊन बसलं. मग २०२० चं लॉकडाउन आलं, दुकान बंद, आणि ज्या वेबसाइटला सगळे हसत होते तिच्यावर घर चाललं.

माझा अनुभव असा की, जुनी माणसं पैशाबद्दल क्वचितच चुकतात. उधारी, व्याज, माल अडकणं, माणूस ओळखणं यात त्यांचं डोळे झाकून ऐकावं. पण गिऱ्हाईक काय घेईल, कुठून घेईल, हे त्यांना त्यांच्या काळातलं दिसतं. धाग्यातले काकाच बघा. हिशेब चोख. पण दोनशे ग्रॅमच्या पाकिटावर काय छापावं हे त्यांना विचारू नका.

आणि धंद्यात तगलेल्यांचेच किस्से आपण ऐकतो. तशाच सवयी असलेले किती अडते बुडाले, ते कुठे सांगायला येतात?

किर्लोस्करवाडी_लोकल | रविवार, ९:०५

@ढगातला_माल यांच्या मुद्द्याला जोड. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा पहिला लोखंडी नांगर खपायला दोन वर्षं लागली म्हणतात. लोखंडाने जमीन नासते, विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. आणि ती समजूत सांगणारे सगळे अनुभवीच होते! पिढ्यान्पिढ्या शेती केलेले. त्यांचं ऐकलं असतं तर लक्ष्मणराव बेळगावात सायकली दुरुस्त करत राहिले असते.

पण दुसरी बाजूही तिथंच आहे. बेळगावातली जागा नगरपालिकेने नव्या वसाहतीसाठी घेतली, तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानात बोलावून घेतलं. कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला, दहा हजार रुपये बिनव्याजी उसने दिले. १९१० साली तिथं काय होतं? निवडुंग आणि नाग. राजेसाहेबांना काही ओतकाम येत नव्हतं. नांगर कसा करावा हे त्यांनी शिकवलं नाही, माणूस बघून जमीन दिली आणि बाजूला झाले. वडीलधाऱ्यांनी कधी बाजूला व्हावं, यावरही कुणीतरी धागा काढा.

पुराचं_पाणी | सोमवार, सकाळी ७:५०

रात्री वाचत होतो, आत्ता वेळ मिळाला.

एक शिकवण अशी, जी मला दरवर्षी सांगितली गेली आणि दरवर्षी मी "हो हो" म्हणालो. सासरे पेठेत कापड व्यापारी होते. मिरगाच्या आधी ते दोन गोष्टी करायचे : खालच्या दोन फळ्या रिकाम्या करायचे आणि विम्याचे कागद काढून बसायचे. मला म्हणायचे, माल वाढला का? मग आकडा वाढव. मी हप्ता वाचवायला आकडा तोच ठेवत गेलो.

ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर. धोक्याची पातळी ४५. माझं गोदाम गावभागात, छातीएवढं पाणी, आठवडाभर.

माल होता ३० लाखांचा, विमा १५ चा. नुकसान १० लाखांचं झालं. मला वाटलं १५ च्या आतच आहे, म्हणजे पूर्ण मिळतील. सर्व्हेअरने शांतपणे समजावलं : मालाच्या निम्म्याच किमतीचा विमा होता, म्हणून नुकसानीच्याही निम्मेच. पाच लाख. ह्याला सरासरीचं कलम म्हणतात, पॉलिसीत बारीक अक्षरात असतं. कुणाची चूक नव्हती, माझीच होती.

हळकुंडराव, माधवनगर रोड असो की कुठेही, तुमच्या पॉलिसीत पूर धरलाय का बघा आणि हंगामात माल भरला की आकडा वाढवा. आता लहान उद्योगांसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा म्हणून प्रमाणित पॉलिसी आहे, २०२१ पासून. तिच्यात पूर मुळातच धरलेला असतो आणि विमा १५ टक्क्यांपर्यंत कमी पडला तरी कापत नाहीत. एजंटाला नाव घेऊन विचारा. हळद भिजली की काय होतं ते हरिपूरच्या पेवांवाल्यांना (जमिनीखालच्या पेवांत हळद साठवणाऱ्यांना) विचारायला नको, २००५ ला त्यांनी बघितलंय.

बेदाणा_शेड | सोमवार, १०:२०

तासगावकडचा आहे. आमच्याकडे दिवाळीच्या सुमाराला बेदाण्याचे सौदे काही दिवस बंद ठेवतात. बाहेरच्यांना वाटतं सुट्टी. खरं कारण : शेतकऱ्यांची, अडत्यांची, खरेदीदारांची जुनी येणी-देणी मिटवायची. झिरो पेमेंट म्हणतात. सगळी खाती शून्यावर आली की पुन्हा सौदे. दरवर्षी कुरकुर होते, कुणीतरी रखडवतं, पण रीत टिकून आहे. धागाकर्त्याने स्वतःच्या वितरकांशी असा एक दिवस ठरवून घ्यावा. सहा महिन्यांतून एकदा खातं शून्य, त्याशिवाय नवा माल नाही.

चहा_कटिंग | सोमवार, १:३०

आणि ते पैसे घेऊन "मार्गदर्शन" करणारे? मी एका हॉटेलातल्या दोन दिवसांच्या शिबिराला १५,००० भरले. पहिल्या दिवशी डोळे मिटून दहा कोटींची उलाढाल बघायला लावली. दुसऱ्या दिवशी पुढच्या शिबिराचं शुल्क सांगितलं. दीड लाख. जेवण मात्र चांगलं होतं.

लेथवाला | सोमवार, १:४१

डोळे मिटून उलाढाल बघायची आणि उघडून हप्ता. 😄

तारेची_जवारी | सोमवार, ३:१२

मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढताना कधी बघितलंय का? घोडीवर बारीक घासतात, तार छेडतात, परत घासतात. किती घासायचं हे कारागिराला विचारलं तर तो म्हणतो, "आवाज उघडंपर्यंत." शिकाऊ पोरगा वर्षानुवर्षं शेजारी बसून कान तयार करतो. तुमच्या काकांनी हळकुंड कानाशी नेलं हे वाचून तेच आठवलं. तुम्ही रंग बघितलात.

हळकुंड | सोमवार, रात्री १०:०२

सगळ्यांचे मनापासून आभार. इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. विम्याची पॉलिसी काढून बघितली. यंत्रं धरलीत, माल धरलेलाच नाही! उद्या फोन करतो. शनिवारी जातोय. तिखट_मीठ ताई, तुमचा खडा बरोबर लागला. माझ्याकडच्या पॅकिंगच्या दोन्ही मावशींना मी अजून एकदाही विचारलेलं नाही की पाकिटं परत का येतात.

पावसाळी_बेडूक | सोमवार, रात्री १०:३०

भडंग आलं. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

हळकुंड | साधारण महिन्याने, रविवार, दुपारी १२:१०

धागा वर काढतोय. चार शनिवार झाले.

दिवाणजी साठीच्या पुढचे, सायकलवर. मी स्कूटर घेऊन गेलो तर म्हणाले, ठेव ती, चालत जाऊ. पहिल्या दुकानात पैसे मागितलेच नाहीत. मालकाच्या पोराचा बारावीचा निकाल विचारला, चहा आला, तो पिऊन झाल्यावर वही मांडीवर उघडली आणि चष्मा पुसत बसले. एक अक्षर नाही. दोन मिनिटांत मालकाने गल्ल्यातून पाच हजार काढून दिले. बाहेर आल्यावर विचारलं, बोलला का नाहीत? "बोललो की. चष्मा पुसला न्हाई का?"

क्रमही ठरलेला. सगळ्यात आधी तो, जो नक्की देतो. खिशात पैसे असले की पुढच्या दारात आवाज लाचार येत नाही, असं त्यांचं म्हणणं. सगळ्यात अवघड दुकान चौथं किंवा पाचवं. आणि एका दुकानात गेलेच नाहीत, लांबूनच वळले. आत व्याही बसले होते. "पाहुण्यांम्होरं मागितलं तर पैसे मिळतील, दुकान मिळणार न्हाई."

दुसऱ्या आठवड्यात मी पुण्याला गेलो, न कळवता. वितरकाच्या दारात बसलो. काही बोललो नाही, मला सुचलंही नाही. अर्ध्या तासाने तो स्वतःच गोदामात घेऊन गेला. माझी पाकिटं रचून ठेवलेली, ४३० किलो. तो पैसे खाऊन बसला नव्हता, माल पुढे खपलाच नव्हता. दुकानदार परत पाठवत होते आणि त्याला मला सांगायची लाज वाटत होती म्हणून फोन उचलत नव्हता. ४३० किलो परत घेतली, म्हणजे ९४,६०० वजा. ६०,००० चा चेक दिला, तो वटलाय. राहिले ८५,४००, तीन हप्त्यांत.

परत आणलेलं एक पाकीट काकांपुढे फोडलं. त्यांनी चिमूट तळहातावर घेऊन अंगठ्याने पसरली. बारीक बारीक गाठी. मग माझ्याकडे बघितलं फक्त. पॅकिंगच्या मावशींना विचारलं तर त्या म्हणाल्या, दादा, पावसाच्या तोंडावर आलेला तो लॉट ओलाच होता, आम्हाला वाटलं तुम्हाला माहिती असंल.

ढगातला_माल, तुमचंही खरं निघालं. काका म्हणाले पाकीट बंद कर, ठोक मसालेवाल्यांना सुटी पावडर विक. ते मी ऐकणार नाहीये. मात्र पुण्यात आता एकच वितरक नाही, तीन लहान आहेत, आणि पहिला माल रोखीने.

काल यार्डात गेलो तेव्हा काकांनी परत दोन हळकुंडं पुढे टाकली. दोन्ही कानाशी मोडली. एक ओळखलं, एक चुकलं.

लेथवाला, ४५ दिवसांच्या कराराचा मसुदा तुमच्याकडे असेल तर व्यनि कराल का? मंगळवारी पहिल्याची सही घ्यायची आहे.

लेथवाला | रविवार, १२:२६

पाठवलाय. दुसऱ्या पानावर गिऱ्हाइकाचं नाव माझ्याच कंपनीचं राहिलंय, तेवढं बदला.